पावती कुणाच्या नावाची?



या अंकासाठी संपादकीयाचा विषय वेगळा ठरला होता, निम्मा मजकूर लिहूनही झाला होता. पण मध्ये पिंपळगाव राजाची बैठक झाली आणि तो मजकूर मी बाजूला ठेवला.

बैठक तशी नेहमीचीच. खामगाव तालुक्यातल्या या गावात आम्ही वर्षातून दोन-तीनदा जातो. बाजाराचा दिवस टाळतो, कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री आठनंतर बसतो, कारण त्याआधी बाया घरी आलेल्याच नसतात. बचत गटांचे हिशेब, कर्जाचे हप्ते, एका मुलीच्या शाळेचा प्रश्न, असे सगळे बोलून झाले. उठायच्या वेळी मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, घराले कुलूप लावलं तं कोनाकडे जा लागते?"

आम्हाला वाटले, चोरीबिरीचे काही असेल. तसे नव्हते. ती गेले पाच दिवस दोन मुलींना घेऊन बहिणीच्या पडवीत झोपत होती.

हकिकत अशी. ही बाई शाळेत खिचडी शिजवते, हंगामात वेचणीला जाते. लग्नानंतर काही वर्षांनी नवरा-बायकोने गावात टिनाची एक खोली किरायाने घेतली. (आमच्या वऱ्हाडात 'भाडे' म्हणत नाहीत, 'किराया' म्हणतात, भाडे म्हटले की आम्हाला एस.टी.चे तिकीट आठवते.) दोन वर्षांपूर्वी नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला. चार महिने पैसे आले, मग फोन येईना, मग नंबरच लागेना. किराया द्यायचे ती थांबली नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोख, कधी दोन हप्त्यांत, शेवटचे सहा-सात महिने मुलीच्या फोनवरून. मालकाला आता खोली पुतण्याच्या दुकानासाठी हवी होती. दोनदा तोंडी सांगितले, तिने "दिवाळीपर्यंत थांबा" म्हटले. एक दिवस वेचणीहून परत आली तर दाराला मालकाचे कुलूप, आणि मांडणी, शेगडी, मुलींची दप्तरे अंगणात.

ती भांडली. मालकाचे उत्तर तिने आम्हाला जसेच्या तसे सांगितले: "खोली मी तुया नवऱ्याले देल्ली होती. तो नाई, तं तू कोन?"

त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे ते तिला सुचले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही लगेच सुचले नाही. मला त्या रात्री झोप आली नाही ती याचसाठी. इतकी वर्षे आम्ही 'घर कुणाचे' यावर शिबिरे घेतली. सासरच्या घरात राहण्याचा हक्क, माहेरच्या वाटणीचा हक्क, जमिनीच्या उताऱ्यावर बायकोचे नाव. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हापासून 'टाकलेल्या' बाईच्या डोक्यावरच्या छपराविषयी महाराष्ट्रात बोलले जाते आहे. पण हे सगळे मालकीच्या घराबद्दल. जिच्या सासरीही घर नाही, माहेरीही नाही, जी दर महिन्याला पैसे मोजून चार टिनाखाली राहते, तिच्या घराविषयी आमच्या एकाही पुस्तिकेत धड पान नाही.

बैठकीत मग चर्चा झाली, ती कशी झाली तेही नोंदवते, कारण त्यात आपलेच चेहरे दिसतात. एक म्हणाली, मालकाच्या बायकोकडे जाऊ, तिच्या पाया पडू, बाईला बाईची दया येईल. दुसरी म्हणाली, मालक तसा चांगला आहे, डिपॉझिट न घेता यांना ठेवून घेतले होते. तिसरी हळूच म्हणाली, एकट्या बाईला खोली देणे मालकालाही अवघडच असते, गावात चार तोंडे बोलतात. म्हणजे ज्याने कुलूप लावले त्याची अडचण आम्हाला तीन प्रकारे सुचली, आणि जिचे सामान अंगणात होते तिच्यासाठी सुचली ती एक विनवणी.

'ठेवून घेतले' हा शब्द लक्षात घ्या. पुरुषाने खोली घेतली की 'घेतली' म्हणतात, बाईला खोली मिळाली की 'ठेवून घेतली' म्हणतात. एकात व्यवहार आहे, दुसऱ्यात उपकार. आणि उपकाराला ना पावती असते, ना नोटीस, ना मुदत. मनात आले की सुरू, मनात आले की बंद.

मी हे दुसऱ्यांना शिकवायला निघाले आहे असे कृपया समजू नका. मी स्वतः कितीतरी वर्षे किरायाच्या खोल्यांत राहिले. नोकरीच्या सुरुवातीला एका घरमालकांकडे दुसरी किल्ली असे आणि ते 'छत गळते का बघायला' मी घरी नसताना, पुढे पुढे असतानाही, दार उघडून आत येत. मी काही बोलले नाही. मनात एकच: घर त्यांचे आहे. त्यांनी एकदाही अंगाला हात लावला नाही, वाईट बोलले नाहीत, तरी मी चार वर्षे कपडे बदलताना दाराला खुर्ची लावत होते. घर त्यांचे होते हे खरेच. पण किराया घेतल्यावर त्या घरात निर्धास्त राहू देण्याची जबाबदारीही त्यांचीच होती, आणि ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात १८८२ सालापासून छापलेली आहे हे मला चळवळीत आल्यावर कळले.

तर आता पुस्तकाकडे वळू. कंटाळा करू नका, एकदा नीट समजून घेतले की पुढच्या बाईला पाया पडायला सांगावे लागणार नाही.

पहिला प्रश्न: कोणता कायदा? आमच्या भागात याला इतिहास आहे. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, त्यामुळे मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा इथे नव्हता. इथे होता तो मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश. त्यात घरमालकाला नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. जुनी माणसे अजून 'कंट्रोलरकडे जाईन' म्हणतात ते यावरून. मराठवाड्यात हैदराबादचा तिसराच कायदा. महाराष्ट्र होऊन चाळीस वर्षे हे तीन कायदे शेजारी शेजारी नांदले. ३१ मार्च २००० पासून ते रद्द झाले आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. म्हणून 'कंट्रोलरची परवानगी' आता विसरा.

पण हा नवा कायदा सगळ्या गावांना लागू नाही, इथेच बहुतेकजणींची गफलत होते. त्याला जोडलेल्या परिशिष्टांत ज्या ठिकाणांची नावे आहेत तिथेच तो लागू होतो. तेव्हा खामगाव असो, नांदुरा असो की पिंपळगाव राजा, वकिलाला पहिला प्रश्न हा विचारायचा की आपले गाव परिशिष्टात आहे का. शहरातून छापून आलेल्या माहितीपत्रकावर गावातला खटला उभा करू नये. जे गाव यादीत नाही, तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चालतो. त्यात भाडेकरूला संरक्षण कमी आहे, आणि बरेचसे 'दोघांत काय ठरले' यावर सोडलेले आहे. म्हणजे कागद शहरापेक्षा खेड्यात जास्त हवा. आपल्याकडे नेमके उलटे आहे: शहरात करारनामा, खेड्यात 'आपलीच माणसं आहेत'.

आता आमच्या बाईचे कुलूप. दोन गोष्टी लक्षात ठेवा. महिन्याच्या किरायाने दिलेली खोली मालकाला परत हवी असली तर, वेगळे काही ठरलेले नसेल तेव्हा, १८८२ च्या कायद्याप्रमाणे निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. तोंडी सांगणे ही नोटीस नव्हे. आणि नोटिशीची मुदत संपली तरी मालकाने स्वतः कुलूप लावायचे नसते, त्याने कोर्टात जायचे असते. जी खोलीत राहते आहे तिला तिच्या संमतीशिवाय, कोर्टाच्या मार्गाखेरीज बाहेर काढले, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ती ताबा परत मागू शकते. तिथे मालकी कुणाची हा प्रश्न निघत नाही, ताबा कुणाचा होता आणि तो कसा काढला एवढेच पाहतात. मात्र दावा बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. हे सहा महिने बहिणीच्या पडवीत, भावाच्या दारात, 'बघू, समजावू' म्हणत निघून जातात. मुदत संपल्यावर आमच्याकडे आलेल्या बायांची आठवण झाली की अजून चुटपुट लागते.

यादीतल्या गावांत भाडेकरूला आणखी आधार आहे. किराया थकला म्हणून दावा लावायचा तर मालकाला आधी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी व्याजासह कोर्टात भरली तर घर वाचते. घर खाली करून घ्यायला कारण लागते: पोटभाडेकरू ठेवला, परवानगीविना पक्के बांधकाम केले, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, किंवा मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज आहे. पुतण्याचे दुकान हीही कदाचित खरी गरज ठरेल, पण ते ठरवायचे न्यायाधीशाने.

मग राहिला मालकाचा मूळ प्रश्न. तो नाही, तर तू कोण?

याला उत्तर आहे. एक साधे: दोन वर्षे तुम्ही जिच्या हातून किराया घेतला, ती. वकिलांचा पहिला मुद्दा हाच असतो. दुसरे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कर्नाटकातल्या एका खटल्यात, बी. पी. अचला आनंद यांच्या प्रकरणात, दिले आहे. भाडेकरू नवरा बायकोला टाकून गेला आणि मालकाच्या दाव्यात उभाच राहिला नाही, तर त्या घरात राहणारी परित्यक्ता पत्नी स्वतः उभी राहून खटला लढवू शकते, असे न्यायालय म्हणाले. तिचा हक्क नवऱ्याच्या हक्कापेक्षा मोठा नसतो, किराया आणि बाकीच्या जबाबदाऱ्या तिला पाळाव्या लागतात. पण 'तू कोण' म्हणून तिला दारातून परतवता येत नाही. याच निकालाची दुसरी बाजूही तितकीच ठळक सांगायला हवी: घटस्फोट झाला की ही जागा तिच्या पायाखालून जाते. त्यामुळे राजीखुशीच्या घटस्फोटाच्या कागदावर सही करताना घराचे काय, किराया कोण भरणार, हे त्याच कागदात लिहून घ्या. 'नंतर बघू' म्हणून सह्या केलेल्या बायांचे नंतर कुणीही बघत नाही.

नवरा वारला असेल तर गोष्ट वेगळी. यादीतल्या गावात राहण्यासाठी घेतलेल्या घरात त्याच्याबरोबर राहणारे कुटुंबीय भाडेकरू म्हणून पुढे चालू राहतात. तेराव्याच्या आत मालक किंवा दीर कोऱ्या कागदावर अंगठा मागायला येतो, तो देऊ नये.

आणि २००५ चाच कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. 'सामायिक घर' म्हणजे त्यात मालकीचेच घर असे नाही. किरायाची खोलीही त्यात येते, मग किराया नवऱ्याच्या नावावर असला तरी. दंडाधिकारी नवऱ्याला हुकूम देऊ शकतात की हिला त्याच दर्जाची दुसरी जागा बघून दे, किंवा तिचा किराया तू भर. हा कायदा नवऱ्याविरुद्ध आणि सासरच्यांविरुद्ध आहे, घरमालकाविरुद्ध नाही. दोन्हीची सरमिसळ करून अर्ज लिहिला की अर्ज दोन्हीकडून परत येतो. हे आम्ही अनुभवाने शिकलो.

इथपर्यंत ऐकून बैठकीतली एक वयस्क मावशी उसळली. म्हणाली, "सगळे कायदे किरायदाराचेच का? माया सात महिन्यांचा किराया बुडाला, मी कोनाले सांगू?"

तिचेही ऐकून घेणे भाग होते. मावशी विधवा. नवऱ्याने बांधलेल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या तिने किरायाने दिल्या. त्या पैशांत तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि किराणा चालतो. किरायदार नोकरदार पुरुष. पहिले वर्ष बरे दिले, मग 'पगार अडकला', मग उत्तरच नाही. एकटी म्हातारी काय करणार, हा त्याचा हिशेब. आपल्या चळवळीला मालक म्हटला की पुरुषच दिसतो, पण एक-दोन खोल्यांच्या किरायावर म्हातारपण काढणाऱ्या बाया गावोगाव आहेत आणि त्यांना बुडवणे सोपे असते.

मावशीने त्या माणसाची लाइटची वायर काढून टाकायचा बेत केला होता. मी म्हटले, ते करू नका. ती चिडली: "मंग काय पूजा करू त्याची?" समजावून सांगायला अर्धा तास लागला. यादीतल्या गावात किरायदाराचे पाणी, वीज, संडास यासारख्या आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडणे हा गुन्हा आहे. यादीबाहेरही वायर कापणाऱ्याची बाजू कोर्टात लंगडी होते. म्हणजे ज्याने सात महिने बुडवले तोच तक्रारदार होऊन उभा राहतो आणि मावशी आरोपी. तिने करायचे ते असे: किती महिन्यांचे किती रुपये थकले ते लिहून नोटीस पाठवायची, पोस्टाची पोच जपायची, मुदतीत नाही दिले तर वसुलीचा आणि ताब्याचा दावा.

पण दावा कोण लावणार, हे विचारले तेव्हा खरी गाठ कळली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर अजून मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. वारसनोंद झालेली नाही, मुलगे म्हणतात 'आमच्या नावावर करू'. किराया मावशी घेते, पावती तिने कधी दिली नाही, कारण पावतीवर सही कुणाची हाच प्रश्न. २००३ साली राज्य सरकारने ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय काढला. तो किती घरांच्या नोंदीत उतरला ते तुम्ही आपापल्या गावात नमुना आठ उघडून बघा. हे काम पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने करावे अशी माझी विनंती आहे. कुणाची परवानगी लागत नाही, ग्रामपंचायतीत जाऊन उतारा मागायचा.

म्हणजे एकाच बैठकीत दोन बाया. एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि दोघींच्या हातात कागद नाही, कारण दोघींचा कागद नवऱ्याच्या नावाचा.

आता एकमेकांच्या जबाबदाऱ्यांविषयी थोडे. मालकाने घर देताना त्यातला लपलेला मोठा दोष सांगायला हवा. टिन कुजलेले आहे, भिंतीत पाणी मुरते हे माहीत असून 'नवीन रंग दिलाय' म्हणून भागत नाही. दुरुस्तीची गंमत अशी की यादीतल्या गावात ती मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. लेखी कळवून पंधरा दिवसांत केली नाही तर किरायदार स्वतः करून खर्च किरायातून कापू शकतो, मात्र वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. यादीबाहेरच्या गावात मालकाने 'दुरुस्ती मी करीन' असे कबूल केले असेल तरच त्याच्याकडून ती मागता येते. म्हणून पावसाळ्याआधी टिन कोण बदलणार, मोरी तुंबली तर कोण बघणार, हे कागदावर यायला हवे. एका ओळीचे काम आहे. ती ओळ नसल्याने किती जणींनी जुलै-ऑगस्टात पोरांच्या अंगावर गोधडीऐवजी प्लास्टिक टाकले असेल!

किरायदारणीच्याही जबाबदाऱ्या आहेत, आणि त्या पाळल्या तरच तिचा आवाज चढतो. ठरल्या तारखेला किराया. घर आपल्यासारखे वापरायचे. रोजच्या वापराने झिजले ते झिजले, पण हयगयीने फुटले ते भरून द्यायचे. भिंत खचते आहे, शेजारी कुंपण सरकवतो आहे, हे दिसले की मालकाला कळवायचे. न विचारता न्हाणी बांधायची नाही, कुणाला परस्पर ठेवायचे नाही. सोडून जातानाही पंधरा दिवस आधी लिहून द्यायचे. नोटीस मालकानेच द्यायची असते असे नाही.

डिपॉझिटवर सगळ्यात जास्त भांडणे होतात आणि त्यावर सगळ्यात कमी लिहिले जाते. रक्कम, दिल्याची तारीख, परत कधी आणि कशाबद्दल कापणार, एवढे लिहा. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या किरायाहून जास्त डिपॉझिट घेऊ नये असे आहे. पण तो नुसता नमुना. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो दाखवून भांडता येत नाही. विजेचे मीटर मालकाच्या नावावर असले तरी २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे राहणाऱ्या व्यक्तीलाही जोडणी मागता येते, हेही अनेकींना माहीत नसते.

करारनाम्याबद्दल: यादीतल्या गावात तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलटे सिद्ध करेपर्यंत. पावती देणेही तिथे बंधनकारक आहे. यादीबाहेर मालक पावती देत नसेल तर? आपल्या आधीच्या कार्यकर्त्या किराया मनिऑर्डरने पाठवायला सांगत, कारण मनिऑर्डरची पोच हीच पावती. आता तेच काम फोनवरून पाठवलेले पैसे करतात, फक्त ते बाईच्या स्वतःच्या खात्यातून जायला हवेत आणि पाठवताना 'अमुक महिन्याचा किराया' एवढे शब्द लिहायला हवेत. आमच्या बाईचे पैसे मुलीच्या फोनवरून गेले होते आणि कुठेही किराया हा शब्द नव्हता. मालक म्हणाला, उसने दिले होते ते परत आले.

एका गोष्टीवर कायदा गप्प आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. खोली देण्याआधीच आडनाव विचारून, 'काय खाता' विचारून, 'मिस्टर कुठे असतात' विचारून नकार दिला, तर त्या मालकाला जाब विचारणारे सरळ कलम भाडे कायद्यात नाही. दलित शिक्षिका, मुसलमान नर्स, घटस्फोटित ग्रामसेविका यांना 'खोली आताच गेली' हे वाक्य पाठ असते. आणि नकार देणाऱ्या घरांत आपल्या गटांच्या सभासद बायांची घरेही असतात. आठ मार्चला घोषणा देणाऱ्या आणि नऊ तारखेला आडनाव विचारणाऱ्या आपणच. खोली रिकामी असेल तर ती आधी एकट्या बाईला विचारू, असे एखाद्या गटाने ठरवून बघावे. पिंपळगाव राजाला मी हे बोलले तेव्हा दोघी-तिघींनी मान खाली घातली, एकीने 'घरचे ऐकत नाहीत' म्हटले. तेही खरे असेल.

कुलूप लागलेल्या बाईचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी दोघीजणी तिच्याबरोबर खामगावला गेल्या. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये ती तरतूद आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. वकीलबाईंनी मालकाला नोटीस लिहिली, दीड पानाची, त्यात कलम ६ आणि सहा महिन्यांचा उल्लेख. ती मिळाल्यावर मालक दोन दिवस बोलला नाही. मग ग्रामपंचायतीच्या एका सदस्यासमोर आणि आमच्या दोघींसमोर कुलूप उघडले. तो दुष्ट माणूस नाही. "मले वाटलं घर माहं, कुलूप माहं," एवढेच म्हणाला. मला माझ्या जुन्या खोलीतली दाराला लावलेली खुर्ची आठवली.

तडजोड झाली ती पूर्ण विजयाची नाही. मुलींची शाळा सुटेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तिने राहायचे. किराया दोनशेने वाढला. पुतण्याचे दुकान तोवर थांबेल. मे महिन्यानंतर तिला दुसरी खोली शोधावी लागेल आणि ती सोपी सापडणार नाही. कागद झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. टिनाची ओळ तिने स्वतः सांगून घालून घेतली.

पहिल्या महिन्याची पावती फाडताना मालकाने पेन थांबवून विचारले, नाव काय घालू, नवऱ्याचंच ना? ती म्हणाली, माझं घाला. मग त्याने विचारले, मधात त्याचं? तिने थोडा वेळ विचार केला. मधली जागा रिकामी ठेवा, म्हणाली, आणि पावती घडी घालून पोलक्यात ठेवली.